कोगनोळी नाक्याजवळची एक स्पर्धा: कोरोनाच्या साथीनंतर क्रिकेट परत सुरू करताना

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातल्या एका क्रीडा मंडळाने फेब्रुवारी २०२१ मध्ये टेनिस बॉलची स्पर्धा भरवली आणि ती अर्ध्यावर थांबवली. त्या स्पर्धेचं हे प्रकरण. गावाचं, मंडळाचं आणि माणसांचं नाव काढलं आहे, घटनांचा क्रम आणि निर्णय झाले तसेच ठेवले आहेत. मी मंडळाचा सभासद नाही. शाळेत खेळ शिकवत आलो, म्हणून नियमावली करायला मला बोलावलं होतं. नंतर पंच, गुणलेखक, पाण्याचं बघणारा मामा, पलीकडचे कर्णधार अशा सगळ्यांशी निवांत बोलता आलं. त्यातून जे कळलं ते सीमाभागातल्या इतर मंडळांच्या उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

हे गाव कोगनोळी नाक्यापासून जवळ. हायवेने दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्रातलं कागल. इथल्या माणसाला सरहद्द ही रोजची वाट आहे. निपाणीकडची कितीतरी पोरं कागलच्या एमआयडीसीत पाळीवर जातात. मुरगूड, कागलच्या लेकी इकडं दिलेल्या आणि इकडच्या तिकडं. त्यामुळे मंडळाची स्पर्धा पहिल्यापासून दोन्हीकडची. दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, ऊसतोड जोरात असताना, गावच्या माळावर ३२ संघ, ८ षटकांचे सामने, चुन्याची बाउंड्री, मंडप आणि दिवसभर माईकवर कॉमेंट्री. पंच दोन, एक इकडचा आणि एक तिकडचा. ही पद्धत जुन्या भांडणातून आली होती आणि सगळ्यांनी पाळली होती.

२०२० ची स्पर्धा नेहमीसारखी पार पडली. मग १२ मार्चला धर्मशाळेचा भारत-दक्षिण आफ्रिका सामना पावसात गेला, लखनौ आणि कोलकात्याचे रद्द झाले. १३ मार्चला सिडनीत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळले आणि त्यानंतर ११७ दिवस आंतरराष्ट्रीय सामना झाला नाही. गावात त्या काळात मंडळाने शिल्लक होती ती सगळी रक्कम किराणा वाटपात घातली. मला मंडळाचं हे फार कौतुकाचं वाटतं. पण त्यामुळे पुढच्या स्पर्धेला हाताशी पैसा नव्हता, हेही लक्षात ठेवायला हवं.

८ जुलै २०२० ला साउदॅम्प्टनला इंग्लंड-वेस्ट इंडीज कसोटी सुरू झाली. पोरांनी ती आपापल्या घरी मोबाइलवर पाहिली. होल्डरचे ४२ धावांत ६ बळी, गॅब्रिएलचे सामन्यात ९, ब्लॅकवूडच्या ९५ धावा, आणि विंडीज ४ गडी राखून विजयी. पोरांना हे आठवतं. मंडळाच्या सेक्रेटरींना (ते निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणतात) मात्र दुसरंच आठवत होतं. खेळाडूंचा मुक्काम मैदानातल्याच हॉटेलात होता, बाहेर पाऊल नाही. डॅरेन ब्राव्हो, हेटमायर आणि कीमो पॉल यांनी दौऱ्यावर यायला नकार दिला, तो बोर्डाने मानला. आणि साउदॅम्प्टनहून मँचेस्टरला जाताना इंग्लंडचा जोफ्रा आर्चर वाटेत घरी जाऊन आला, म्हणून त्याला दुसऱ्या कसोटीतून काढलं. मास्तरांनी हे सगळं वहीत टिपून ठेवलं होतं.

अडचण

१९ जानेवारी २०२१ ला भारताने ऑस्ट्रेलियात गाबा मैदानावरची कसोटी जिंकली आणि तालमीत बैठक बोलवायची मागणी सुरू झाली. त्या बैठकीला मी होतो.

पोरांचं म्हणणं साधं होतं. डिसेंबरात २२ आणि २७ तारखेला ग्रामपंचायतीचं मतदान झालं, गावात प्रचार झाला, रांगा लागल्या. मग मॅच का नको? शिवाय नटराजन त्या दौऱ्यावर नेट बॉलर, म्हणजे सरावाला गोलंदाजी करणारा, म्हणून गेला आणि कसोटी खेळून आला, वॉशिंग्टन सुंदर मागे थांबला म्हणून त्याला संधी मिळाली. साथीतही कुणाचं तरी नशीब उघडतंय आणि आपण घरात बसलोय, ही तगमग त्यांच्या बोलण्यात होती. एकजण म्हणाला, ‘‘अण्णा, पोरांनी गाबा जिंकून दाखवलं, आणि आपण माळावर खेळायला भ्यायचं?’’

मास्तर म्हणाले, ‘‘त्यांची नाकं दर चार दिवसांनी तपासत होते बाबा. तुझं कुणी तपासलंय?’’

दुसरी बाजूही कमी वजनाची नव्हती. ऑगस्ट-सप्टेंबरात गावातली वडीलधारी माणसं गेली होती. सप्टेंबरात बेळगावचे खासदार आणि रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी कोरोनाने दिल्लीत गेले, तेव्हा ‘एवढ्या मोठ्या माणसाचं असं झालं, तर आपलं काय’ हे घरोघर बोललं गेलं होतं. आणि बैठकीनंतर थोड्याच दिवसांत बातमी आली, १९३४-३५ पासून कधी न चुकलेली रणजी स्पर्धा यंदा होणार नाही. ज्यांच्याकडे पैसा, डॉक्टर, हॉटेलं आहेत त्या बोर्डाला इतके संघ सांभाळणं जमलं नाही, तर आपल्याला ३२ कसे जमणार, हा अध्यक्षांचा प्रश्न मला तेव्हाही रास्त वाटला आणि आजही वाटतो.

समोरचे पर्याय

नेहमीसारखी पूर्ण स्पर्धा भरवायची, हा पर्याय पहिल्याच तासात बाद झाला. एक वर्ष थांबायचं, हा सगळ्यात सुरक्षित. पण पोरं थांबणार नव्हती. आसपासच्या गावांत विनापरवाना, पैशावर सामने सुरू झाले होते आणि आपली पोरं तिकडं जात होती. मंडळाने हात वर केले तरी खेळ थांबत नव्हता, फक्त मंडळाच्या नजरेबाहेर जात होता. या मुद्द्यावर अध्यक्षांचं मन वळलं.

फक्त कर्नाटकातले संघ घ्यायचे, असंही एकाने सुचवलं. नाक्यावर काय होईल सांगता येत नाही, हे त्याचं कारण चुकीचं नव्हतं. पण ज्या स्पर्धेचा जीवच दोन्हीकडच्या संघांत आहे, ती अशी निम्मी करायला बैठकीत कुणी तयार झालं नाही. भावना खरी होती. तिची किंमत काय पडू शकते, हे मात्र त्या दिवशी कुणी मांडलं नाही.

शेवटी ठरलं ते असं: १२ संघ, ३-३ चे ४ गट, एका दिवशी एकच गट, प्रेक्षक नाहीत, सामने मोबाइलवरून थेट दाखवायचे.

काय केलं

साउदॅम्प्टनची बायो-बबल, म्हणजे खेळाडूंना बाहेरच्यांपासून पूर्ण वेगळं ठेवायची व्यवस्था, माळावर येणार नव्हती. पोरं संध्याकाळी आपापल्या घरी, आजी-आजोबांजवळ जाणार होती. तेव्हा मास्तरांच्या वहीतून जमेल तेवढंच उचललं.

नकाराचा हक्क पहिला. घरी म्हातारं किंवा आजारी माणूस असेल त्याने यायचं नाही, त्याची संघातली जागा पुढच्या वर्षी राखून. पाचजणांनी तो घेतला आणि त्यांना कुणी काही बोललं नाही.

मग थुंकीचा नियम. आयसीसीने, म्हणजे क्रिकेटच्या जागतिक संघटनेने, जून २०२० मध्ये चकाकीसाठी चेंडूला थुंकी लावायला बंदी केली होती, दोन वेळा ताकीद आणि मग ५ धावांचा दंड. टेनिस बॉलला चकाकी नसतेच, तेव्हा हा नियम इथं कशाला, असं पोरं म्हणाली. पण फिरकी टाकणारा बोटं चाटतो, यष्टिरक्षक हातावर थुंकतो, ही सवय चेंडू कुठलाही असो तीच. मँचेस्टरला इंग्लंडच्या डॉम सिब्लीकडून सवयीने थुंकी लागली तेव्हा पंचांनी चेंडू पुसून घेतला होता. आम्हीही पंचांच्या खिशात ओला रुमाल दिला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी. गावच्या मैदानावर एक कळशी, एक जग आणि एक ग्लास असतो, आणि बावीसजण त्याच ग्लासाने पितात. तो ग्लास काढून टाकला. ज्याने त्याने आपली बाटली आणायची, बाटलीवर नाव. बॅटी मात्र वाटून घ्याव्याच लागल्या. संघात चांगल्या बॅटी दोन-तीनच असतात.

सगळ्यात नाजूक होता पंचांचा प्रश्न. प्रवास टाळायला आयसीसीने यजमान देशाचेच पंच चालतील असं ठरवलं आणि भरपाई म्हणून प्रत्येक डावात एक रिव्ह्यू, म्हणजे पंचाचा निर्णय पुन्हा तपासून मागायची संधी, वाढवला. आमच्याकडेही पलीकडचा पंच पाच दिवस ये-जा करणार, त्यापेक्षा दोन्ही गावचेच घ्यायचं ठरलं. कागलच्या कर्णधाराने फोनवर लगेच विचारलं, ‘‘मास्तर, म्हणजे धावबाद तुमच्याच हातात का?’’ त्यावर मास्तरांनी तोडगा काढला. स्क्वेअर लेगला, म्हणजे फलंदाजाच्या बाजूला, बांबूच्या तिकाटण्याला मोबाइल बांधायचा, क्रीजची रेघ दिसेल असा, आणि प्रत्येक संघाला एक ‘विचारणा’ द्यायची. फक्त धावबाद आणि यष्टिचीतसाठी. पहिल्याच दिवशी कागलच्या फलंदाजाला दिलेला बाद निर्णय या मोबाइलवर पाहून फिरवला. बॅट रेघेच्या आत एक बोटभर दिसत होती. त्यानंतर पंचांबद्दल एकही तक्रार आली नाही. या स्पर्धेतला हा सगळ्यात चांगला निर्णय होता असं मी ठामपणे म्हणेन.

मग यादी. प्रत्येक संघाचे १५, दोन पंच, एक गुणलेखक, मोबाइल सांभाळणारा पोरगा, मंडळाचे चौघे. नाव, फोन, गाव, रोज सकाळी ताप बघायचा. ही यादी पंचायतीला दिली, पोलिसांना दिली. यादी बारकाईने केलेली होती. तिच्यात रेघेच्या आतला प्रत्येक माणूस होता.

तिसरा दिवस

पहिले दोन दिवस चांगले गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी साउंडवाला आला नाही. त्याच्या बायकोचा फोन आला, रात्रीपासून अंग तापलंय.

साउंडवाल्याचं नाव यादीत नव्हतं. तो खेळाडू नव्हता, पंच नव्हता, मंडळाचाही नव्हता. तो सकाळी स्पीकर लावायचा, दिवसभर मशीनजवळ बसायचा, संध्याकाळी दुसऱ्या गावात हळदीला जायचा. प्रेक्षक नसले तरी कॉमेंट्री हवी, कारण मोबाइलवर बघणाऱ्याला ती ऐकू जाते, म्हणून माईक ठेवला होता. आणि हा माईक दोन दिवस फिरत होता. सकाळी साउंडवाला ‘हॅलो, हॅलो, चेक’ म्हणणार, मग उद्घाटनाचे पाहुणे, मग कॉमेंट्रीवाला, मध्येच बक्षीस देणारे व्यापारी, जेवणाच्या सुट्टीत गावातला एखादा हौशी. लोखंडी जाळीचा जुना माईक, तोंडाला लावल्याशिवाय आवाज न उचलणारा. गोलंदाज बोटं चाटतोय का याच्यावर दोन पंचांची नजर होती. ज्या वस्तूवर सगळ्यांची थुंकी खरोखर उडत होती, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

यादीबाहेर तो एकटाच नव्हता. पिचवर पाणी मारणारा मामा, चहा-वडापाव आणणाऱ्या मावशी, संघांना आणणारे टेम्पोवाले, आणि घरांच्या गच्चीवर, उसाच्या बांधावर बसलेली पन्नासेक माणसं. प्रेक्षक नाहीत असं आम्ही म्हणत होतो, पण ते दोराच्या बाहेर होते एवढंच.

मोठ्या क्रिकेटमध्येही नेमकं हेच झालं होतं, दोनच महिन्यांपूर्वी. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडचा संघ दक्षिण आफ्रिकेत होता. केपटाऊनच्या हॉटेलातले दोन कर्मचारी बाधित निघाले, एकदिवसीय सामना रद्द करावा लागला आणि इंग्लंडचा संघ मालिका सोडून परतला. ही बातमी मास्तरांच्या वहीत होती. तिच्यातून ‘आपलं हॉटेल कोणतं’ हा प्रश्न मात्र आमच्यापैकी कुणी विचारला नाही.

तिसऱ्या गटाचे तिन्ही संघ सकाळी साडेआठला माळावर उभे होते. माईक बंद ठेवून खेळू, असं पोरं म्हणाली. मास्तर म्हणाले, आधी साउंडवाल्याची तपासणी. अर्धा तास बाचाबाची झाली, कारण थांबायचं कधी हे नियमावलीत कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे थांबायचा निर्णय हा मास्तरांचा हट्ट ठरला, नियम ठरला नाही. शेवटी अध्यक्षांनी संघ परत पाठवले. साउंडवाल्याचा अहवाल दोन दिवसांनी आला, बाधित. कॉमेंट्रीवाला, दोन्ही पंच, अध्यक्ष यांची तपासणी केली, सगळे निगेटिव्ह. व्यापारी तपासणीला तयार झाले नाहीत, पण चौदा दिवस घरी राहिले.

नाका

आठवड्याने उरलेले दोन गट खेळवायचे ठरलं. तेवढ्यात महाराष्ट्रातले आकडे वाढले आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात कर्नाटकाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला. कोगनोळी नाक्यावर गाड्या परत फिरायला लागल्या. उरलेल्या सहा संघांत चार कागल-मुरगूडकडचे होते.

तालमीत परत बैठक. अहवाल काढून यायचं म्हटलं तर सरकारी दवाखान्यात फुकट, पण अहवाल हातात पडेपर्यंत ७२ तासांतले निम्मे संपणार. खासगीत पैसे, आणि ही पोरं रोजंदारीची, पाळीवर जाणारी. सामने पुलापलीकडे कागलच्या मैदानावर हलवू, असं एकाने सुचवलं. मग आपल्याकडचे संघ परत येताना नाक्यावर अडणार. एकजण म्हणाला, ‘‘नाक्यावरनं कशाला? मळ्यातनं आणतो की. वाट आपलीच हाय.’’

वाट खरोखरच होती. गावातला प्रत्येक माणूस तिने कधी ना कधी गेला आहे आणि त्या दिवसांतही जात होता. मास्तर म्हणाले, ‘‘वाट आपली, पण केस पोराच्या नावावर होणार. कंपनीत कळलं तर त्याची पाळी जाणार. आपण त्याला एका कपासाठी बोलवायचं?’’ यावर मत घ्यावं लागलं नाही.

स्पर्धा थांबली. त्याच सुमारास ठरलं की पुण्याचे भारत-इंग्लंड एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना होतील. आणि मार्चमध्ये अहमदाबादला पहिले दोन टी-ट्वेंटी सामने प्रेक्षकांसह झाल्यावर उरलेले तीन रिकाम्या स्टेडियममध्ये खेळवले. मालिका चालू असताना नियम बदलायला मोठी मंडळीही कचरली नाहीत, याने आमच्या पोरांचा राग थोडा निवला.

निष्पत्ती

साउंडवाला बरा झाला. खेळाडूंपैकी त्या पंधरवड्यात कुणी आजारी पडलं नाही. एप्रिल-मेमध्ये गावात दुसरी लाट आली तशी सगळीकडेच आली. तिचं मूळ स्पर्धेत होतं असंही म्हणता येत नाही आणि नव्हतं असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. ४ मे २०२१ ला आयपीएलही मध्येच थांबली.

न खेळलेल्या सहा संघांना प्रवेश फी पूर्ण परत दिली. खरा तंटा बक्षिसाचा झाला. दोन गटविजेते होते, एक निपाणीचा आणि एक कागलचा. मंडळाच्या हातातलं दुसरं बक्षीस, १६,००० रुपये, त्यांना निम्मं-निम्मं वाटलं. पहिलं ३१,००० चं व्यापारी देणार होते. ते म्हणाले, फायनल झाली नाही तर बक्षीस कसलं? कागलच्या संघाला वाटलं, आपल्याला नाक्यावर अडवलं म्हणून बक्षीस बुडवलं. दोन्हींचा संबंध नव्हता, पण तसं आधी लिहून दिलेलं नसल्यामुळे समजावणंही अवघड गेलं. तो संघ वर्षभर मंडळाशी बोलत नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

यादी आतून बाहेर करण्याऐवजी बाहेरून आत करायला हवी होती. आधी माईक, चहा, पाणी, टेम्पो, पिच यांना हात लावणारी माणसं, मग पंच, मग खेळाडू. खेळाडू तसेही सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात. साउंडवाल्याला सकाळी दोन मिनिटं थांबवून ताप बघितला असता आणि कॉमेंट्रीवाल्याला स्वतःचा वेगळा माईक दिला असता, तर खर्च फार नव्हता.

थांबायची अट पहिल्या चेंडूआधी कागदावर हवी होती. यादीतला एक बाधित निघाला तर किती दिवस थांबायचं, नाका बंद झाला तर काय, बक्षीस कसं वाटायचं. शांत डोक्याने हे अर्ध्या तासात लिहून झालं असतं, आणि पलीकडच्या कर्णधारांनी त्यावर सही केली असती. संघ माळावर उभे असताना तोच अर्धा तास भांडणात गेला.

एका मुद्द्यावर मास्तरांचं आणि माझं अजून पटत नाही. त्यांच्या मते फेब्रुवारीत स्पर्धा घ्यायलाच नको होती. मला वाटतं घ्यायला हवी होती, पण सहा संघांची, आणि गट असे पाडून की सरहद्दीपलीकडचे संघ पहिल्याच दोन दिवसांत खेळून मोकळे झाले असते. आसपास पैशावर चाललेल्या सामन्यांत कुणी बाटलीवर नाव घालत नव्हतं.

मार्च २०२२ मध्ये स्पर्धा परत झाली, १६ संघांची. पंच पुन्हा एक इकडचा, एक तिकडचा. विचारणा ठेवली, आता दोन मोबाइल लावतात. नियमावलीच्या पहिल्या पानावर थांबायच्या अटी आहेत आणि दुसऱ्यावर यादी, तिच्यात सगळ्यात वर साउंडवाल्याचं नाव आणि फोन. कागलचा संघ आला, पहिल्या फेरीत हरला. २०२१ ची राहिलेली फायनल आपल्याशी खेळवा, अशी त्यांची मागणी अजून आहे आणि मंडळाने तिच्यावर अद्याप उत्तर दिलेलं नाही.